फळीवर पाच डबे, ताटात रोज कालवण

मी कांजूरमार्गहून बोलते आहे. मुंबईत मध्य रेल्वेवर विक्रोळी आणि भांडुप यांच्या मधलं हे स्टेशन. पूर्वेला खाडीलगत मिठागरं, पश्चिमेला चाळी, वस्त्या आणि आता उंच इमारती. इथल्या कितीतरी घरांचं मूळ कोकणात नाहीतर घाटावर. दहा बाय बाराच्या खोलीत बेगमी कशी ठेवायची, हे इथल्या बायकांना रोजच सोडवावं लागतं. म्हणून आज बेगमीबद्दलच बोलू.

कोकणात पावसाळ्यासाठी भरून ठेवायच्या सामानाला आगोटीची बेगमी म्हणतात. पावसात होड्या बंद, ओढ्यांना पूर, बाजार लांब. म्हणून मे महिन्यातच सगळं वाळवून ठेवायचं. आता कोणी म्हणेल, दुकान दाराशी आलं, बेगमी कशाला? तर ऐका. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. 2020 च्या टाळेबंदीत वाशीचा भाजीबाजारसुद्धा काही दिवस बंद होता. पण हे मोठे प्रसंग सोडा. महिन्याचा शेवटचा आठवडा तर दर महिन्याला येतो. भाजी महागते, हातात पैसा नसतो, आणि कढईत भाजी थोडी पडते. मग ती कोणाच्या ताटात कमी पडते? जी शेवटी जेवते तिच्या. चटणी-भाकरीवर ती उठते आणि कोणाला कळतही नाही. बेगमी करायची ती यासाठी.

बेगमी म्हणजे पोती रचणं नव्हे. धान्य, तेल, मीठ घरात असतंच. त्याच्या जोडीला पाच डबे ठेवा.

पहिला डबा कडधान्याचा. मटकी, मूग, चवळी, वाल, कुळीथ, यांतली दोन-तीन तरी असावीत. दुसरा पिठाचा, बेसन किंवा कुळथाचं पीठ. तिसरा आंबटाचा. आमसूल, चिंच, आंबोशी, जे तुमच्याकडे पिकतं ते. चौथा चवीचा, त्यात घरचा मसाला, सुकं खोबरं, तीळ, लसूण. पाचवा वाळवणाचा. सांडगे, वाळवलेली गवार, आणि खात असाल तर सुकट, जवळा, सुके बोंबील.

आता रोज काय करायचं? प्रत्येक डब्यात हात घालायचा आणि जे येईल ते जुळवायचं. तेलात लसूण-मिरची परता, पाण्यात कालवलेलं कुळथाचं पीठ सोडा, दोन आमसुलं टाका. एक उकळी आली की मंद आचेवर जरा शिजू द्या. कुळथाची पिठी तयार. सांडगे तेलात परतून कांदा, मसाला आणि पाणी घाला, झाला रस्सा. जवळा कोरडा भाजून धुवा, कांद्यात परता आणि आमसूल घाला. भिजवलेली मटकी असेल तर उसळ. एक डबा रिकामा असला तरी बाकीचे चार सांभाळून घेतात. आमसूल नसलं तर चिंच, वाल नसले तर चवळी. कृती पाठ नसली तरी चालतं, जुळणी कळली पाहिजे.

भाकरीबरोबर कडधान्य खाल्लं की एकातली उणीव दुसऱ्यातून भरून निघते. उसळीवर लिंबू पिळा, त्याने कडधान्यातलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा मात्र नको, तो लोह अडवतो.

साठवणीचं थोडं सांगते. कडधान्य इतकं वाळवा की दाताखाली कट्कन तुटलं पाहिजे. ऊन दिल्यावर गार होऊ द्या, मगच डबा बंद करा, नाहीतर आत घाम धरतो. डाळीला एरंडेलाचा हात लावा. चमचा नेहमी कोरडा ठेवा. शेंगदाण्याचं कूट पंधरा दिवसांपुरतंच करा, ते खवट होतं. बुरशी आलेला शेंगदाणा निवडून, भाजून खाऊ नका, फेकून द्या. त्यातलं विष भाजल्याने जात नाही. आणि धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या राहत्या घरात कधीच आणू नका. त्यांचा वायू दिसत नाही, पण झोपेत माणसं दगावतात.

पाचही डबे एकदम भरणं जमणार नाही, हे मला माहीत आहे. सुटं दहा-वीस रुपयांचं सामान घेताना आपण किलोमागे जास्तच मोजतो. इथे बचत गटाच्या साथीचा उपयोग होतो. सुगीच्या वेळी गटाने मिळून एक कट्टा मटकी घ्यावी आणि वाटून घ्यावी. पुढच्या महिन्यात चिंच, त्यापुढे कुळीथ. एकीच्या अंगणात ऊन आहे, दुसरीकडे जातं आहे, तिसरीचा हात सांडग्यांना चांगला आहे. आमच्या चाळीत वाळवायला खिडकीची जाळीच मिळते. तुमच्याकडे अंगण आहे, तेवढं तुमचं भाग्य.

गटाच्या पुढच्या बैठकीत एकच हिशेब मांडा, आपल्या घरातला कोणता डबा सगळ्यात आधी रिकामा होतो? प्रत्येकीने आपापला सांगा. जो जास्त जणींचा निघेल, तो आधी मिळून भरा. आणि त्या दिवशीचं कालवण वाढताना आपलं ताट सगळ्यांच्या बरोबरच वाढून घ्या.