शाळेची खरी कसोटी



अकोला-पूर्णा लोहमार्गावरील जऊळका हे मालेगाव तालुक्यातील गाव. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला आणि २०१८ साली केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांत त्याची गणना झाली.

अशा परिसरातील शाळा केवळ दहावीच्या टक्केवारीने जोखणे अन्यायाचे ठरते. शेतकऱ्याचे, शेतमजुराचे आणि तांड्यावरचे मूल तेथे एकाच बाकावर बसते. मात्र दिवाळीनंतर मजुरीसाठी कुटुंब परगावी निघाले की दुसऱ्या सत्रात तो बाक रिकामा होतो. निकालपत्रकात त्याची नोंद कोठेच नसते.

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला शिक्षणहक्क कायदा चौदाव्या वर्षापर्यंतच आधार देतो. पुढची वाट मुलींना अधिक खडतर. एस.टी.चा मोफत पास हाती असला, तरी गाडी वेळेवर आली पाहिजे! कबड्डी, खो-खो, स्नेहसंमेलन यांना दुय्यम मानू नये. अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला शाळेची ओढ पुष्कळदा मैदानच लावते.

म्हणून निकालाच्या दिवशी पालकांनी आणि ग्रामस्थांनी आणखी एक प्रश्न विचारावा: पाचवीत आलेल्यांपैकी दहावीपर्यंत किती जण पोहोचले? जे पोहोचले नाहीत, त्यांच्या दारी प्रथम जाणे हेच खरे शिक्षणकार्य होय.