पंचांचा कागद आणि प्रेक्षकांचे डोळे



ज्ञानेश्वरीपासून अर्थसंकल्पापर्यंत सर्व विषय ज्या व्यासपीठाला ठाऊक आहेत, तेथे ठोसेबाजीवर बोलावयास उभे राहणे हे थोडे धाडसाचेच काम आहे. परंतु आम्ही ठोसे कसे मारावेत हे सांगावयास आलेलो नाही. ठोसे मोजावे कसे, आणि ते मोजल्यानंतर लोक भांडतात का, एवढाच आमचा विषय आहे.

आपल्याकडच्या कुस्तीत, निदान तांबड्या मातीतल्या जुन्या कुस्तीत, हा प्रश्न फारसा पडत नाही. गड्याची पाठ लागली, माती उडाली, निकाल झाला. हजारो डोळ्यांनी एकच गोष्ट एकाच क्षणी पाहिलेली असते. तरीदेखील २०२५ साली अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पाठ टेकली की नाही एवढ्यावरून पंचांची गचांडी धरण्यापर्यंत मजल गेली, हे आपण विसरला नसाल. पाठ टेकण्यासारखी ढळढळीत गोष्टही जर वादात सापडते, तर जेथे छत्तीस मिनिटे दोन माणसे एकमेकांना मारीत राहतात, कोणीच पडत नाही, आणि शेवटी तीन माणसे कागद पाहून विजेता सांगतात, तेथे काय होत असेल?

मुष्टियुद्धातही चितपट आहे. खाली पडलेला योद्धा दहा अंक मोजेपर्यंत उठला नाही की लढत संपली. तीन मिनिटांची फेरी, मध्ये एक मिनिट विश्रांती, हातांत मोजे, ही सारी शिस्त इंग्लंडात १८६७ साली क्वीन्सबरीच्या नियमांनी घालून दिली. पण दोघेही शेवटपर्यंत उभे राहिले, तर गुणांकडे वळावे लागते. धंदेवाईक मुष्टियुद्धात रिंगणाच्या (रिंगण म्हणावयाचे, असते मात्र चौकोनी) तीन बाजूंना तीन पंच बसतात. प्रत्येक फेरी ज्याने जिंकली त्याला दहा गुण, हरणाऱ्याला नऊ. एखादा त्या फेरीत खाली पडला तर सामान्यतः त्याला आठ. फेरी संपली की चिठ्ठी गोळा केली जाते. मागाहून खाडाखोड नाही. नेमके आणि स्वच्छ लागलेले ठोसे, परिणामकारक चढाई, रिंगणावरचा ताबा आणि बचाव, या चार गोष्टी पाहून पंचाने फेरी द्यावयाची असते. यांतली पहिली गोष्ट तेवढी मोजता येण्याजोगी आहे. उरलेल्या तिन्ही गोष्टींत पंचाचा स्वभाव उतरल्यावाचून राहत नाही.

आता जरा वही-पेन्सिलीचा हिशेब करू. बारा फेऱ्यांची लढत आहे. एका गड्याने सात फेऱ्या अगदी केसाच्या अंतराने जिंकल्या. दुसऱ्याने पाच फेऱ्यांत त्याला अक्षरशः बडवून काढले, पण खाली पाडले नाही. कागदावर उत्तर येते ११५ विरुद्ध ११३, आणि जिंकतो तो पहिला! घरी जाणाऱ्या प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे मात्र त्या पाच फेऱ्याच नाचत असतात. तो म्हणतो, लबाडी झाली. आमच्या मते बहुतेक भांडणांचे मूळ येथे आहे. प्रेक्षक एक लढत पाहतो, पंच बारा निरनिराळ्या लढती पाहतो. आणि प्रत्येक तीन मिनिटांनी त्याला मागचे विसरून जावे लागते. दोघेही प्रामाणिक असू शकतात.

याचे सर्वांत नामांकित उदाहरण म्हणजे ६ एप्रिल १९८७ रोजी लास वेगासला झालेली मार्व्हिन हॅगलर आणि शुगर रे लेनर्ड यांची लढत. हॅगलर अकरा वर्षांत हरला नव्हता. लेनर्ड मागच्या पाच वर्षांत एकदाच लढला होता. हॅगलर मूळचा डावखुऱ्या पवित्र्याचा, पण त्या दिवशी उजव्या पवित्र्याने उतरला आणि पहिल्या फेऱ्या घालवून बसला. पुढे तो सतत अंगावर चालून जात राहिला, लेनर्ड सटकत राहिला. लेनर्डच्या गोटातून मात्र फेरीचे तीस सेकंद उरले की हाक येई, आणि तो एकदम ठोशांची सरबत्ती करी. घंटा वाजताना पंचाच्या डोळ्यांत तीच असे. एका पंचाने ११५-११३ असा हॅगलर विजयी ठरविला, दुसऱ्याने त्याच आकड्यांनी लेनर्ड, आणि तिसऱ्याने लेनर्डला ११८-११० दिले! पहिले दोन आकडे आम्ही समजू शकतो. तिसरा आजतागायत समजलेला नाही.

आम्ही आणि आमचे दोन स्नेही एकदा ही चित्रफीत आवाज बंद करून, कागद घेऊन बघावयास बसलो. एकमेकांचा कागद पाहावयाचा नाही, अशी अट होती. आमचे गुण लेनर्डच्या बाजूने दोनाने अधिक निघाले, एका स्नेह्यांचे हॅगलरच्या बाजूने चाराने, आणि तिसऱ्यांची बरोबरी! पुढे आवाज सुरू करून तीच चित्रफीत पाहिली, तेव्हा हॅगलरवाले स्नेही दोन फेऱ्यांत डळमळले. समालोचकाचा चढलेला स्वर आणि गर्दीचा गलका ज्याच्या बाजूने, त्याचे हुकलेले ठोसेही लागल्यासारखे वाटतात. हॅगलर त्यानंतर पुन्हा कधी रिंगणात उतरला नाही. तो इटलीला गेला आणि चित्रपटांत कामे करू लागला. आमच्या कागदांच्या खेळाची किंमत त्याने अशी मोजली होती.

बसण्याच्या जागेचाही प्रश्न आहेच. ज्याची पाठ पंचाकडे त्याचा ठोसा लागला की हातमोज्यावर अडला, हे त्या पंचाला कळणार कसे? १३ मार्च १९९९ रोजी न्यूयॉर्कला इव्हँडर होलीफील्ड आणि लेनॉक्स ल्युईस यांची लढत बरोबरीत सोडविली गेली, आणि जिंकला तो ल्युईस, असे पाहणाऱ्यांतील बहुतेकांचे मत पडले. ल्युईसने गाजविलेली पाचवी फेरी एका पंचाने होलीफील्डला दिली होती. पुढे चौकशीत चित्रफीत दाखविल्यावर, हे सारे आपल्याला बसल्या जागेवरून दिसले नव्हते, असे त्या पंचाचे म्हणणे पडले. नोव्हेंबरात दोघे पुन्हा लढले आणि ल्युईस निर्विवाद जिंकला.

येथवर आम्ही पंचांची वकिली केली. परंतु एक निकाल असा आहे की तेथे आमची वकिली थांबते. १९८८ सालच्या सोल ऑलिंपिकमध्ये एकोणीस वर्षांचा अमेरिकन रॉय जोन्स आणि यजमान कोरियाचा पार्क सी-हुन यांचा अंतिम सामना झाला. अमेरिकन दूरचित्रवाणीवाल्यांच्या मोजणीत जोन्सचे लागलेले ठोसे ८६, पार्कचे ३२. पाच पंचांपैकी तिघांनी पार्कला विजयी केले! त्याच स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट मुष्टियोद्ध्याचा व्हॅल बार्कर चषक मात्र जोन्सला मिळाला. पुढील चौकशीत लाचलुचपतीचा पुरावा सापडला नाही, असे ऑलिंपिक समितीने १९९७ साली सांगितले.

या प्रकरणानंतर माणूस नको, यंत्र आणा, असे ठरले. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून पाच पंचांपुढे बटणे आली. ठोसा लागला की दाबावयाचे. एका सेकंदाच्या आत तिघांनी दाबले तर एक गुण. गंमत अशी की त्याने खेळच बदलला. पोटातले ठोसे आणि एकापाठोपाठ एक येणारे जलद ठोसे बटणांतून निसटू लागले. मग योद्धे लांबून, दिसेल असा, एकेक ठोसा मारावयास शिकले. शेवटी २०१३ साली बटणे काढून टाकली आणि दहा गुणांची पद्धत तेथेही आणली. तंटा मिटला काय? २०१६ च्या रिओ ऑलिंपिकनंतर वाद इतका वाढला की पुढे स्वतंत्र चौकशी झाली, आणि सांगितले ते ऐकणारे पंच मुद्दाम निवडले जात होते, असे २०२१ च्या अहवालात बाहेर आले. लबाडी ही अशी असते. ती कागद, साक्षी आणि नेमणुका तपासून सापडते. चुरशीच्या प्रत्येक निकालावर ‘चोर, चोर’ म्हणून ओरडल्याने ती सापडत नाही, उलट त्या गलक्यात लपते.

आमच्या या म्हणण्याची परीक्षा घेणारा प्रसंग त्याच वर्षी आपल्या घरचा घडला. टोकियोला मेरी कोम कोलंबियाच्या इंग्रिट व्हॅलेन्सियाशी लढली. पहिली फेरी पाचांपैकी चार पंचांनी व्हॅलेन्सियाला दिली. पुढल्या दोन्ही फेऱ्यांत तिघांनी मेरीला पसंती दिली. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकूनही मेरी ३-२ ने हरली, आणि साऱ्या देशात अन्यायाची ओरड झाली. आता बेरीज करून पाहावी: पाच पंच, तीन फेऱ्या, एकूण पंधरा मते; व्हॅलेन्सियाला चार, दोन आणि दोन मिळून आठ, मेरीला सात. आम्हांलाही त्या रात्री फार वाईट वाटले. पण हा आकडा दरोड्याचा नव्हे, अटीतटीच्या लढतीचा आहे. सोलचा आकडा याच्याशेजारी ठेवून पाहावा, म्हणजे फरक दिसेल.

सोलच्या त्या गोष्टीचा पुढचा भाग सांगून आम्ही आपली रजा घेतो. पार्कने पंचांना काही सांगितले नव्हते. त्याने फक्त लढत दिली होती, आणि त्या पदकापायी स्वतःच्याच देशात त्याला बोल ऐकावे लागले. २०२३ साली, पस्तीस वर्षांनी, तो अमेरिकेत पेन्साकोला येथे जोन्सकडे गेला आणि ते सुवर्णपदक त्याने जोन्सच्या हाती ठेवले. त्या भेटीची चित्रफीत २०२५ साली जगाने पाहिली. तीत जोन्सचे डोळे भरून आलेले दिसतात. ऑलिंपिकच्या नोंदींत त्या सामन्याचा विजेता म्हणून नाव अजून पार्कचेच आहे.