आधी डिपस्टिक, मग चावी



वाशीच्या बाजार समितीतून कल्याण-डोंबिवलीकडे भाजी नेणारा, तळोज्याच्या एमआयडीसीतून माल उचलणारा, मुंब्रा बायपास धरून भिवंडीला निघालेला, या सगळ्यांची गाठ शीळफाट्यावर पडते. एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला देसाई खाडीकडे उतरत गेलेली जमीन. डोंगरावरून आलेलं पाणी खाली जायला वाट शोधतं. नाला तुंबलेला असला, त्यात खाडीला भरती असली, की ते रस्त्यावरच मुक्काम करतं. आणि त्या पाण्यात जुनी पिकअप घालायला आपला चालक फारसा बिचकत नाही.

त्याला कारण आहे. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. डिझेलचा पंप जुन्या पद्धतीचा, यांत्रिक असेल, तर वायरिंग भिजलं तरी इंजिन चालतच राहतं. पेट्रोलची गाडी फुरफुरून आधीच थांबते. ही थांबत नाही. म्हणूनच ती थेट हवेच्या तोंडातून पाणी ओढेपर्यंत आत जाते. आपल्या बाजूला पाणी गुडघ्याइतकंच असतं, पण समोरून जेएनपीए बंदराचा कंटेनर गेला की त्याची लाट बॉनेटवर चढते. तेवढंच पुरतं.

अशी बंद पडलेली गाडी गॅरेजला आली, की जाणता मिस्त्री बॉनेट उघडण्याआधी एकच विचारतो, "बंद कशी पडली?" चाचरत, आचके देत बंद पडली असेल, तर संशय डिझेलवर किंवा वायरिंगवर. चालता चालता दण्णकन आवाज होऊन जागीच थांबली असेल, तर इंजिनानं पाणी प्यायलं असं धरूनच पुढे जायचं.

आता हे पाणी किती लागतं बघा. अडीच हजार सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन घेतलं, तर एका सिलिंडरच्या वाट्याला सव्वासहाशे सीसी हवा येते. डिझेलमध्ये ही हवा दाबून साधारण अठराव्या हिश्शाइतकी करतात. म्हणजे पिस्टन वर आला की त्याच्या डोक्यावर जागा उरते पस्तीस-चाळीस मिलीलीटर. हवा दबते, पाणी दबत नाही. तेवढ्या जागेत न मावणारं पाणी शिरलं, की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन हळू चालत असताना पाणी शिरलं, तर कधीकधी रॉड वाचतोही. पण मग आपण सेल्फ मारतो, चार जणांना बोलावून गिअरमध्ये धक्का मारतो, आणि पाण्यानं सोडलेला रॉड आपल्या हातानं वाकवतो.

म्हणून बंद पडली की चावी काढून घ्या. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून किंवा टोचन करून कोरड्या जागी आणा. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. मग पहिल्यांदा एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टर आणि त्याच्यापुढचा पाइप आतून कोरडा असेल, तर बरंचसं संकट टळलं. ओला असेल, तर नोझल काढल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही. नोझल काढून क्रँकच्या पुलीला पाना लावायचा आणि हातानं सावकाश दोन-चार फेरे द्यायचे. पाणी असेल तर त्या भोकांतून उडतं. पाना मध्येच अडला, तर जोर लावू नका.

दुसरी डिपस्टिक. ऑइल दुधाळ, कॉफीच्या रंगाचं दिसलं तर पाणी आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण गाडी रात्रभर उभी असेल तर तेवढ्यावर विसंबू नका. पाणी ऑइलपेक्षा जड, ते चेंबरच्या तळाशी बसतं. वर ऑइल स्वच्छच दिसतं, फक्त पातळी खुणेच्या वर गेलेली असते. खालचा ड्रेन नट थोडा सैल केला की आधी पाणी गळतं. तसं झालं, तर ऑइल आणि फिल्टर बदला. थोडा वेळ चालवून पुन्हा एकदा बदला.

तिसरं डिझेल. फिल्टरच्या तळाचा स्क्रू उघडून काचेच्या बाटलीत थोडं काढा. पाणी खाली वेगळं उभं राहतं. ते सापडलं, तर टाकीही रिकामी करावी लागेल. मग हातपंपानं लाइनमधली हवा काढा. गाडी कॉमन रेलची असेल, तर सेन्सरचे आणि ईसीयूचे कनेक्टर उघडून वाळवा.

हे सगळं झाल्यावर चावी. सुरू झाल्यावर सायलेन्सरमधून थोडा वेळ पांढरी वाफ येणारच. पण ती थांबत नसेल आणि एका लयीत ठकठक ऐकू येत असेल, तर एकेका सिलिंडरची तपासणी करा. जुन्या पंपाच्या इंजिनात मिस्त्री नोझलकडे जाणाऱ्या पाइपचा नट एकेक करून सैल करतो. ज्याचा सैल केल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. ही युक्ती कॉमन रेलवर मात्र कधीही करू नका. त्या नळीतला दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो, डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते. तिथे कॉम्प्रेशन गेजच लावा. एकाच सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी आलं, तर रॉड वाकल्याचा संशय घ्या. "चालतंय ना, मग चालू दे" म्हणून तशीच भाडी मारली, तर काही आठवड्यांनी हाच रॉड तुटून ब्लॉक फोडतो.

इंजिन ठीक निघालं तरी गिअरबॉक्स आणि मागचं डिफरन्शियल तपासा. लांबून तापून आलेलं हाउसिंग थंड पाण्यात बुडलं, की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी ओढून घेते. त्याची तक्रार महिन्याभरानं, बेअरिंग रडायला लागल्यावर येते. चाकांचं ग्रीस बघा, ब्रेकचे ड्रम उघडून चिखल धुवा.

एक विम्याचं. नेहमीच्या पॉलिसीत पुरानं झालेलं नुकसान धरतात. पण पाण्यात बंद पडलेली गाडी सुरू करायला गेल्यानं इंजिन फुटलं, तर ते बहुधा धरत नाहीत. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. म्हणून गाडी पाण्यातून हलवण्याआधी, धोका नसेल तर, मोबाइलवर फोटो काढा आणि विमा कंपनीला आधी कळवा.

चालकबंधूंनो, मालाला उशीर झाला तर व्यापारी दोन शब्द बोलेल, ते ऐकून घ्या. आपल्या पिकअपचं हवेचं तोंड जमिनीपासून किती उंचीवर आहे, हे आजच मोजून ठेवा. पाणी त्याच्या जवळ जाईल असं वाटलं, तर शीळफाट्याच्या अलीकडेच गाडी बाजूला लावा. आणि बंद पडलीच, तर डिपस्टिक बघितल्याशिवाय चावी फिरवू नका.