रुंद टायर, अरुंद रिम

गळीत हंगाम जवळ आला की येरमाळा, कळंब, वाशी या पट्ट्यातून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. ट्रॅक्टर पंचेचाळीस-पन्नास एचपीचा आहे, मागचे १३.६-२८ टायर झिजलेत, आता त्याच जागी १४.९ किंवा थेट १६.९ चढवले तर ओढ वाढेल का? प्रश्न रास्त आहे. हंगामात हाच ट्रॅक्टर रांजणीच्या कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या ओढतो आणि हंगाम संपला की घरच्या रानात नांगरट, रोटा, पेरणी करतो. डांबरावर एक काम, काळ्या रानात दुसरं, आणि चाकं मात्र तीच. म्हणून रुंद टायरचा मोह होतो. पण तुमचा प्रश्न टायरपाशी थांबतो आणि खरं उत्तर रिमपासून सुरू होतं.

आधी आकडे समजून घ्या. १३.६-२८ यातला १३.६ म्हणजे टायरची इंचातली रुंदी आणि २८ म्हणजे रिमचा इंचातला व्यास. दुकानात १६.९-२८ दिसतो, अठ्ठावीस जुळतो, म्हणून आपल्या चाकावर बसणार असं आपण धरून चालतो. इथंच फसगत होते. रिमला व्यास असतो तशी स्वतःची रुंदीही असते, आणि ती रिमवरच ठोकलेली असते. १३.६ च्या टायरला डब्ल्यू १२, म्हणजे बारा इंची रिम लागते. १४.९ ला डब्ल्यू १३ योग्य. काही कंपन्यांच्या तक्त्यात त्याला डब्ल्यू १२ ही चालते असं दिलेलं असतं. १६.९ ला मात्र पंधरा इंची रिम हवी. बारा इंची रिमवर १६.९ चढवला तर चढतो, हवा भरली की फुगतो, गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. चढला म्हणजे बसला असं नाही.

होतं काय ते नीट ऐका. रिम अरुंद असल्यानं टायरच्या दोन्ही भिंती आत ओढल्या जातात आणि माथा मधोमध वर येतो. सगळा भार मधल्या पट्टीवर पडतो आणि कडेचे रबरी उंचवटे जमिनीला नीट टेकतच नाहीत. ज्या रुंदीसाठी पैसे मोजले ती रुंदी हवेत राहते. डांबरावर मधला भाग भराभर झिजतो. भिंत रिमजवळ रोज तीव्र कोनात वाकते आणि आतले धागे तिथं थकतात. भरल्या ट्रॉलीनं चढ चढताना इंजिनाचा सगळा जोर रिमकडून टायरकडे जातो तो टायरच्या कडेमार्फत. ती कड रिमवर घट्ट बसलेली नसेल तर रिम फिरते आणि टायर मागं राहतो. टायरबरोबर ट्यूब सरकते, आणि रिमच्या भोकात अडकलेला ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटून निघतो. मग रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टर उभा आणि उसाचं वजन उन्हात घटत जातं. म्हणून सांगतो, जुन्या रिमवर रुंद टायर सरसकट चढवू नका. कंपनीच्या तक्त्यात तुमची रिम त्या टायरला मान्य नसेल तर दुकानदार, मेकॅनिक, पाहुणे कुणीही सांगितलं तरी चढवू नका.

आता दुसरी बाजू. रिमही योग्य घेतली, तर रुंद टायरचा फायदा आहे का? आहे, पण तो हवेतून मिळतो. टायर जमिनीवर दर चौरस इंचाला जो दाब देतो तो साधारण त्याच्यातल्या हवेच्या दाबाइतका असतो, भिंतीच्या ताठपणामुळं थोडा जास्तच. म्हणजे वीस पौंड हवा भरलेला टायर अरुंद असो की रुंद, काळ्या रानाला वीस पौंडांच्या आसपासच दाबणार. रुंद टायरची खरी देणगी ही की तोच भार तो कमी हवेवर पेलू शकतो. हवा कमी केली की टेकणारी जागा वाढते, पकड वाढते, चाक गरगरत नाही, आणि मांजरा काठच्या खोल काळ्या जमिनीत चाकाखाली घट्ट थर बसत नाही. ऊस ओढताना भरलेली हवा तशीच ठेवून नांगराला गेलात, तर रुंद टायरचे पैसे वाया गेले समजा.

ज्या खेळात मागच्या टायरच्या रुंदीवर हार-जीत ठरते तिथंही हेच दिसतं. अमेरिकेत पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या सरळ पट्ट्यावर मोटारींच्या शर्यती होतात. आपल्याकडे लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरही अशा शर्यती झाल्या आहेत. तिथले मागचे टायर रुंद असतात, रबर मऊ असतं आणि हवा इतकी कमी की सुटताना टायरच्या भिंतीला सुरकुत्या पडतात. ती पकड रुंदी, रिम आणि हवा तिन्ही जुळल्यावर येते. आणि तीच गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर जाणकार माणूस टायर बदलतो, निदान हवा तरी वाढवतो. कारण मऊ, कमी हवेचा टायर रस्त्यावर डोलतो आणि तापतो. आपला ट्रॅक्टरही असाच दोन ठिकाणचा आहे. हलक्या मशागतीला साधारण बारा ते चौदा पौंड, भरल्या ट्रॉलीला अठरा ते वीस. नेमका आकडा तुमच्या टायरच्या तक्त्यात बघा आणि त्याच्या वर जाऊ नका. त्यासाठी हवा मोजायचं गेज घरात ठेवा. टायरला लाथ मारून हवा कळत नाही.

काही जण म्हणतात, शेजाऱ्यानं जुन्याच रिमवर १६.९ चढवला, वर्ष झालं, काही झालं नाही. त्यांना एवढंच सांगतो की खाली बसून त्या टायरची झीज बघा. मधला भाग आणि कडा यांतला फरक बोटाला लागेल. दुसरा आक्षेप खर्चाचा आहे, आणि तो मला मान्य आहे. टायरची जोडी आणि वर रिमची जोडी म्हणजे लहान रक्कम नव्हे. पण पैसा नसेल तर पर्याय चुकीच्या रिमचा नाही, मूळ मापाचाच चांगला टायर घेण्याचा आहे. बालाघाटाच्या माळावरची मुरमाड जमीन असेल आणि वर्षातलं बहुतेक काम ओढणीचं असेल तर १३.६ च घ्या, जास्त प्लायचा घ्या. खोल काळं रान जास्त असेल तर योग्य रिमवर १४.९. १६.९ फक्त त्याच ट्रॅक्टरला, ज्याच्या पुस्तकात कंपनीनं तो दिलेला आहे.

चारही चाकांना ओढ असलेला ट्रॅक्टर असेल तर आणखी सांभाळा. १४.९ चा टायर १३.६ पेक्षा उंचीलाही सुमारे चार टक्के मोठा असतो. पुढच्या-मागच्या चाकांचं गणित कंपनीनं ठरवलेलं असतं. फक्त मागचे बदलले की पुढची चाकं हवी तशी ओढत नाहीत आणि ताण गिअरवर येतो. मडगार्डची जागा तपासा. दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे घ्या.

आणि ब्रेकचं. टायर उंच झाला की तेवढ्याच ब्रेकनं जमिनीवर थांबवण्याचा जोर उलट थोडा कमी मिळतो, आणि मागच्या ट्रॉल्यांना बहुधा ब्रेकच नसतो. नवे टायर घातले म्हणून ट्रॉलीत जास्त ऊस भरू नका. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेला याच ट्रॉल्यांत बायका-पोरं, म्हातारी माणसं बसवून घाटातून आणता, त्याचा मला फार राग येतो. ट्रॉली माणसांसाठी नाही, बाबांनो. देवीच्या दर्शनाला एसटीनं या.

दुकानात जाण्याआधी रिमवरचा आकडा कपड्यानं पुसून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद दाखवूनच टायर मागा. घेताना टायरच्या भिंतीवरचे तारखेचे चार आकडेही वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ असेल तर तो २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. बरीच वर्षं गोदामात पडलेला टायर स्वस्तात मिळत असेल तर तो तिथंच राहू द्या.