‘पुरुषी हार्मोन’ कुणाच्या रक्तात?

(महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



मघाशी एकीने विचारलं, “ताई, रिपोर्टमधल्या आकड्याभोवती गोल केला म्हणजे बाई नापास का?” हसलो आपण सगळ्या, पण आमच्या सल्ला केंद्रात नेमकं हेच विचारत एक सून आली होती. तिला विचारून, नाव-गाव गाळून सांगते.

लग्नाला चार वर्षं, मूल नाही. प्लास्टिकच्या पिशवीत रक्ताचे रिपोर्ट: एफएसएच, एलएच, प्रोलॅक्टिन, थायरॉइड, टेस्टोस्टेरॉन. शेवटच्या आकड्याभोवती पेनाने गोल. दवाखान्यात कुणीतरी घाईत म्हणालं होतं, “पुरुषी हार्मोन वाढलंय.” घरी पोचेपर्यंत त्याचं झालं, “ही पुरती बाईच नाही.” सासू तिला माहेरी धाडायच्या बेतात.

आकडा होता 82. बायकांमध्ये साधारण 15 ते 70 नॅनोग्रॅम दर डेसिलिटर धरतात, पुरुषांत 300 ते 1000. प्रयोगशाळेप्रमाणे थोडा फरक पडतो. म्हणजे ती पुरुषांच्या आकड्याच्या जवळपासही नव्हती! मुळात टेस्टोस्टेरॉन प्रत्येक बाईच्या अंगात असतं. बीजकोषात आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींत तयार होतं. आणि इस्ट्रोजेन पुरुषांतही असतं. पाळी गेलेल्या बाईपेक्षा तिच्या वयाच्या नवऱ्याच्या रक्तात ते बहुधा जास्तच सापडतं. त्याला कुणी “पुरता पुरुष नाही” म्हणत नाही.

हिला होता पीसीओएस. त्यात अंडं वेळेवर बाहेर पडत नाही, पाळी लांबते. औषधांनी बऱ्याच जणींना दिवस राहतात. एवढंच कुणी तिला बसवून सांगितलं नव्हतं.

हा आकडा मोठमोठ्यांनाही छळतो. ओडिशाची धावपटू द्युती चंद. 2014 साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या तोंडावर, टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणून तिला संघातून वगळलं. विणकर घरातली अठरा वर्षांची पोर. औषध घ्यायला तिने नकार दिला, क्रीडा लवादाकडे दाद मागितली आणि 2015 च्या जुलैमध्ये तो नियमच स्थगित करवला. 2018 च्या आशियाई स्पर्धांत दोन रौप्यपदकं आणली. नियम पुढे पुन्हा कडक झाले. 2025 पासून जागतिक महिला स्पर्धांसाठी जनुकाची तपासणी आली. तपासणी बदलली, बाईनेच सिद्ध करायचं हे काही बदललं नाही.

तर वस्तीत अशी पिशवी घेऊन कुणी आली की काय विचाराल? रक्त पाळीच्या कितव्या दिवशी घेतलं? एफएसएच, एलएच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बघतात. भलत्या दिवशीच्या आकड्याचा अर्थ भलताच निघतो. गर्भनिरोधक गोळ्या चालू होत्या का? आणि पिशवीत नवऱ्याचा कागद कुठाय? मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचंही कारण असतं. वीर्यतपासणीला तर सुईसुद्धा टोचत नाहीत.

या सुनेच्या पाच तपासण्या झाल्या, नवऱ्याची एकही नाही. आम्ही त्याला बोलावलं. दोनदा आला नाही. तिसऱ्यांदा आला तो, “माझी कशाला?” विचारत. शेवटी तपासणी केली. शुक्रजंतू कमी निघाले.

तो कागद मात्र त्या पिशवीत नाही. नवऱ्याच्या कपाटात आहे, सासूला ठाऊक नाही. सांगायचं की नाही यावर दोघांचं अजून ठरलेलं नाही. माहेरी धाडायची बोलणी मात्र नवऱ्यानेच थांबवली आहेत.