दिव्यावरचे पतंग



पावसाळ्यात दिवा लागला की पतंग जमतात, आणि सकाळी आपण ते केरात झाडतो. आज माझे सांगणे एवढेच, की झाडण्याआधी ते मोजा.

साधन सोपे आहे. परसात दोन बांबू रोवून पांढरे धोतर ताणावे, पुढे दिवा टांगावा. पहाटे कापडावरचे पतंग पाहून वहीत लिहावे: तारीख, पाऊस, चंद्र, जात, संख्या. पौर्णिमेच्या सुमारास पतंग कमी येतात. चंद्राची नोंद नसेल तर आकडा फसवतो.

ह्याचा उपयोग काय? १९८२ साली गडचिरोली चंद्रपुरापासून वेगळा जिल्हा झाला, परंतु धान आणि धानाचा खोडकिडा दोन्हीकडे तेच. ह्या किड्याची मादी पिवळसर, पुढच्या प्रत्येक पंखावर एक काळा ठिपका. ती पानाच्या शेंड्याजवळ अंड्यांचा पुंजका घालते. आठवडाभरात अळी निघते व खोडात शिरते. मग गाभा तरी वाळतो, नाहीतर लोंबी पांढरी, पोचट निघते. अळी आत गेली की फवारा तिला नीट गाठत नाही. म्हणजे आपल्या हाती तो एक आठवडा. आणि त्याची वर्दी दिवा देतो. ठिपकेवाल्या माद्या वाढू लागल्या की बांधीत उतरावे, पुंजके असलेली पाने खुडावीत.

आता माझी एक चूक सांगतो. पहिल्या वर्षी मी दिव्याखाली रॉकेल घातलेल्या पाण्याचे घमेले ठेवी. एके सकाळी त्यात तळहाताएवढा तांबूस पतंग मेलेला दिसला. चारही पंखांवर काचेसारखी गोल खिडकी. शेजारी आरमोरीकडचे एक वृद्ध ढिवर गृहस्थ होते. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोसा पाळण्यात त्यांचा जन्म गेलेला. ते म्हणाले, “मास्तर, हा कोशाचा नर हाय जी. याले त खायले तोंडच नाही. यानं तुमच्या धानाचं काय वाकडं केलं असतं?”

मी काय उत्तर देणार? घमेले त्याच दिवशी काढले.

दिवा सगळ्यांनाच बोलावतो. त्यांत वैरी थोडे असतात. तेव्हा गुरुजी, मुलांकडून नोंद झाली की उरलेले पतंग कोतवाल पक्षी यायच्या आत झुडपाच्या सावलीत सोडून द्या. वही मात्र जपून ठेवा. पुढल्या वर्षी ती गावाच्या कामी येईल.