दार कोणाच्या हाताने उघडतं?

महाभारतात शांतिपर्वाच्या सुरुवातीला युधिष्ठिर एक कबुली देतो. द्यूतसभेत कर्ण वाट्टेल ते बोलत होता, तरी त्याच्या पायांकडे नजर गेली की आपला राग विरून जायचा, कारण ते पाय हुबेहूब कुंतीच्या पायांसारखे होते. खूण डोळ्यांसमोर होती, तिचा अर्थ मात्र युधिष्ठिराला लागला नाही. कर्ण रणात पडल्यावर आईनेच तो सांगितला. नायकाचं कूळ झाकायचं आणि कुळाच्या खुणा उघड्यावर मांडायच्या, ही कथाकारांची फार जुनी रीत आहे. आजची मुलं जे व्हिडिओ गेम खेळतात त्यांतही ती पुरेपूर वापरलेली असते, आणि तिथे युधिष्ठिराच्या जागी खेळणारा असतो. नायकाच्या अंगात परग्रहावरच्या कुणाचं रक्त आहे, असे तर्क हे खेळाडू वर्षानुवर्षं लढवतात. त्याला रिकामटेकडेपणा म्हणणं अन्यायाचं आहे. नाटक बघणं, कादंबरी वाचणं, तसंच हे एक वाचन आहे आणि त्याला शिस्त लागते.

उदाहरण घेऊ ‘हेलो’ या मालिकेचं. तिचा पहिला भाग 2001 साली बंजी या अमेरिकी कंपनीने काढला. मास्टर चीफ नावाचा सैनिक अंतराळातल्या एका प्रचंड कड्यावर उतरतो. हे कडं बांधणारे फोररनर लाखभर वर्षांपूर्वी नाहीसे झालेले. मागे उरला आहे तो त्यांचा एक यंत्र-रखवालदार, गिल्टी स्पार्क. तो चीफला पाहताच ‘रिक्लेमर’ म्हणतो, म्हणजे आपलं होतं ते परत घ्यायला आलेला. कड्याची किल्ली हा रखवालदार स्वतः उचलत नाही, ती माणसानेच उचलावी लागते. 2004 सालच्या दुसऱ्या भागाच्या शेवटी तर एक दृश्य असं आहे की ते थांबून बघावं. टार्टारस हा धिप्पाड परग्रहवासी सरदार. किल्ली त्याच्या ताब्यात आहे, फौज त्याची आहे, श्रद्धाही अढळ आहे. तरीही त्याला मिरांडा कीज या माणसांच्या अधिकारी बाईचा हात बळजबरीने धरून तिच्याकडूनच किल्ली यंत्रात बसवून घ्यावी लागते. त्याच्या एवढ्या मोठ्या पंजाचा तिथे काही उपयोग नाही. इथे दिग्दर्शकाने एक शब्द न बोलता कूळ दाखवलं आहे. खेळाडूंनी त्यावरून तर्क बांधला: माणूस हाच फोररनरांचा वंशज.

2007 साली तिसरा भाग आला. त्यात रखवालदार चीफला तोंडावर सांगतो की तू माझ्या निर्मात्यांचं लेकरू आहेस, तू फोररनरच आहेस. अनेकांनी वाद संपला असं मानलं. पण जाणकार खेळाडू तिथे थांबले नाहीत. त्याच खेळात कोपऱ्याकोपऱ्यांत जुने संगणक-फलक आहेत. ते शोधून वाचावे लागतात, न वाचताही खेळ पुरा होतो. त्यांत लायब्रेरियन नावाची फोररनर स्त्री पृथ्वीवरच्या माणसांविषयी लिहिते, आणि ती त्यांना जपून ठेवण्याजोगे वेगळे जीव मानते, आपले वंशज नव्हे. मग साक्ष कोणाची धरायची? रखवालदार एक लाख वर्षं एकट्याने पहारा देऊन बिथरलेला आहे, आणि ते वाक्य त्याने संतापात उच्चारलं आहे. बाईचा मजकूर त्या काळातला, शांतपणे लिहिलेला. कोण बोलतंय, केव्हा बोलतंय, कोणत्या मनःस्थितीत बोलतंय, हे तपासल्यावाचून पात्राचं म्हणणं लेखकाचं म्हणणं धरू नये. या कलेचा रसास्वाद घ्यायचा तर पहिली सवय हीच लावून घ्यावी.

यावर एक आक्षेप येतो. पुढे 2011 साली ग्रेग बेअर यांच्या ‘क्रिप्टम’ कादंबरीने निकाल दिला की माणसं आणि फोररनर या दोन वेगळ्या जाती, एके काळी एकमेकींशी लढलेल्या. मग इतकी वर्षं तर्क करणाऱ्यांनी काय मिळवलं? माझं उत्तर असं, की 2007 साली समोर होतं त्यावरून तो तर्क निराधार नव्हता. त्याच वर्षीच्या जोसेफ स्टेटन यांच्या ‘काँटॅक्ट हार्वेस्ट’ कादंबरीतही तीच दिशा आहे, आणि स्टेटन तर मूळ खेळाच्या लेखकांपैकी. नंतर मालिका दुसऱ्या हातांत गेली आणि कथा वळली. वळली तरी एक गोष्ट सुटली नाही: लायब्रेरियनने आपला वारसा माणसांच्या नावे ठेवला. आपल्या मराठीत वंशज आणि वारस असे दोन वेगळे शब्द आहेत, हे किती मोलाचं! वंशज रक्ताने होतो, वारस कोणीतरी नेमल्यानेही. दार माणसाच्या हाताने उघडतं ही खूण दोन्हींना लागू पडते. खेळाडूंनी खूण अचूक हेरली, तिला दोन अर्थ आहेत एवढंच काहींच्या ध्यानात आलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. थोरवी रक्तात असते, ही समजूत आपल्या समाजाला जड गेली आहे. मग तीच परग्रहाच्या वेषात मुलांपुढे कशाला? याचा विचार करायला पांढुर्णा-सौंसरच्या श्रोत्यांना लांब जायला नको, देवगडचा किल्ला छिंदवाड्याकडेच आहे. देवगडच्या गोंड घराण्याचा मूळपुरुष जाटबा. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त त्याचं नाव येतं, म्हणजे माणूस खरा. दंतकथा म्हणते की तो कुमारिकेच्या पोटी शेंगांच्या वेलाखाली जन्मला आणि आई कामावर गेली की नाग त्याच्यावर फणा धरायचा. पुढे तो गवळी राजांच्या चाकरीत राहिला, गडाचा अवजड दरवाजा त्याने एकट्याने उचलला आणि अखेर राज्य मिळवलं. आता याही कथेतल्या खुणा तपासा. नागाची सावली मल्हारराव होळकरांच्या बालपणीही सांगतात; पराक्रमी माणूस गादीवर आला की लोक ती त्याच्या जन्माला जोडतात. दरवाजा मात्र जाटबाचा स्वतःचा आहे, तो त्याने दंडाच्या बळावर उचलला. माझ्या मते अद्भुत जन्माची गोष्ट कर्तृत्वानंतर आली, कारण लोकांना त्या कर्तृत्वाला कूळ हवं होतं. रक्ताच्या गोष्टी मुलांपासून लपवून ही समजूत जाणार नाही. फणा कुठे जोडला आहे आणि दरवाजा कोणी उचलला, हे वेगळं करून बघायची नजर आली तरच ती जाईल, आणि ती नजर अशा तर्कांतूनच तयार होते.

तेव्हा श्रोतेहो, घरातला मुलगा किंवा मुलगी कधी म्हणाली की या खेळाचा नायक मुळात पृथ्वीवरचा नाहीच, तर तिला गप्प करू नका. शेजारी बसा आणि विचारा: हे कोण म्हणालं, कुठल्या दृश्यात, आणि याच्या विरुद्ध जाणारी खूण तुला कुठे दिसली?